दाब सांगणारे यंत्र

मुलांनो, एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक तुम्ही पाहिला असेल. त्याच्याजवळ निळ्या, लाल व पिवळ्या नळ्यांचे एक यंत्र असते. त्याला गेज म्हणतात. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, तर लाल नळी जास्त दाबाच्या बाजूला जोडतात. पिवळ्या नळीतून गॅस भरतात.

जुन्या गेजवर काटा फिरतो. डिजिटल गेजवर आकडे दिसतात. ते दाबावरून गॅसचे उकळण्याचे तापमानही सांगते. म्हणून असे गेज घेताना त्यात आपल्याला लागणाऱ्या गॅसची नावे आहेत का, ते पाहावे. नळ्या जोडण्यापूर्वी आकडा शून्यावर आणावा. मग एसीवरील पट्टी वाचून गॅसचे नाव निवडावे. आर-२२ हा गॅस ५ अंश सेल्सिअसला उकळताना दाब सुमारे ७० पीएसआय असतो. आर-३२ चा सुमारे १२० असतो. नाव चुकले, तर तापमान चुकते.

दाब कमी दिसला, म्हणजे गॅसच कमी झाला असे नाही. जाळीत धूळ साचली, तरी दाब उतरतो. तेव्हा जास्त गॅस भरला, तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. म्हणून आधी जाळी पाहावी. गेज फक्त आकडा सांगते. कारण माणसालाच शोधावे लागते.