वाड्यांतील बंद मोटार : विकावी कीं चालू करावी ?

पनवेलच्या जुन्या वस्तींत, जेथें अद्यापि कांहीं वाडे आपल्या लांकडी खांबांवर तग धरून उभे आहेत, तेथील एक घर क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पुढें ओसरी, बाजूला पूर्वीं घोडागाडीसाठीं बांधलेली पडवी, आणि त्या पडवींत ताडपत्रीखालीं एक दोन आसनांची विलायती मोटार. ती शेवटची रस्त्यावर केव्हां गेली याविषयीं घरांत एकमत नाहीं. थोरला मुलगा म्हणतो, आपल्या मुंजीच्या वर्षीं. आई म्हणते, त्याच्याही आधीं. घरधनी निवर्तल्यावर तिच्या आसनांवर पापडांचे डबे, जुनीं पंचांगें आणि एक मोडका पाळणा यांनीं बिऱ्हाड केलें. आतां वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाचें ठरलें आहे. २०२५ सालीं नवी मुंबईचा विमानतळ उघडला आणि पनवेलच्या भुईला जो भाव आला त्यापुढें लांकडी खांबांचें काय चालणार? वाड्याचा निकाल लागला, पण मोटारीचा लागत नाहीं. मुलगी म्हणते, विकून टाका. मुलगा म्हणतो, एकदां चालू करून पाहूं. आई कांहींच बोलत नाहीं, आणि सर्वांत अवघड मत तेंच असतें.

हें घर कल्पित आहे, परंतु प्रश्न कल्पित नाहीं. अशी मोटार पनवेलीस सांपडावी यांतही नवल नाहीं. वाशीचा खाडीपूल १९७३ सालीं झाला. त्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारी मोटार ठाणें, मुंब्रा या मार्गानें पनवेलीस येई, आणि मग खोपोलीहून बोरघाट चढे. घाटांतील गाडीरस्ता १८३० चा. जे. आर्. डी. टाटा यांनीं तरुणपणीं आपली बुगाटी याच मुंबई-पुणें मार्गावर भरधांव हांकलेली आहे. घाट चढण्यापूर्वीं पाणी भरावयास थांबलेल्या मोटारी पाहत ज्या गांवाच्या दोनतीन पिढ्या वाढल्या, तेथें एखाद्या हौशी वकिलाला वा व्यापाऱ्याला आपल्याही दारीं अशी एक असावी असें वाटलें तर तें स्वाभाविकच.

आपल्या कल्पित पडवींतील मोटार एम्. जी. कंपनीची ‘टी. सी.’ आहे असें धरूं. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें १०,००० मोटारी तयार झाल्या. इंजिन १,२५० घन सेंटिमीटरचें, शक्ति ५४ अश्वांची. म्हणजे आजची साधी घरगुती मोटारही तिच्याहून बलवान्. परंतु १९ इंचांचीं तारांचीं चाकें, लांबट नाक, पुढें आडवी पाडतां येणारी कांच आणि जमिनीला जवळजवळ चिकटलेलें आसन यांमुळें ताशीं चाळीस मैलांचा वेगही त्यांत बसलेल्यास ऐंशींचा वाटे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. शिवडी येथें मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी १९५४ सालीं हें काम थांबवून गेली. त्यानंतर ज्यांच्या घरीं विलायती मोटार होती त्यांना एखादा क्षुल्लक भाग मिळविणेंही दुरापास्त झालें. या देशांतील कित्येक चांगल्या मोटारी झिजून मेल्या नाहींत. एका तुटलेल्या दांड्यापायीं त्या उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहिल्या म्हणून मेल्या. कित्येकींच्या पोटांत फिॲटचें नाहीं तर ॲम्बेसेडरचें इंजिन बसविण्यांत आलें. ॲम्बेसेडरचें १,४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन हें एम्. जी. च्याच ‘ए’ नांवाच्या पुढील मोटारीच्या इंजिनाचें भावंड होय. तेव्हां ज्याच्या घरीं ‘ए’ आहे त्याला जुन्या बाजारांतही नातेवाईक भेटतात. ‘टी. सी.’ च्या मालकाचें भाग्य तेवढें नाहीं. मात्र तिचे सुटे भाग विलायतेंत आजही नव्यानें तयार होतात आणि टपालानें मागवितां येतात. जकात व वाहणावळ द्यावयाची तयारी हवी इतकेंच.

आतां मूळ मुद्दा. ‘चालू करणें’ आणि ‘नवी करणें’ या दोन अगदीं भिन्न गोष्टी असून घराघरांतील बहुतेक भांडणें त्या एकच समजल्यामुळें होतात. चालू करणें म्हणजे इंजिन फिरेल, ब्रेक लागतील, दिवे पेटतील आणि मोटार सुरक्षितपणें पनवेलीहून कर्नाळ्यापर्यंत जाऊन परत येईल, इतकें करणें. नवी करणें म्हणजे शेवटचा खिळाही सुटा करून, रंग खरवडून, कातडें बदलून ती कारखान्यांतून काल निघाल्यासारखी दिसूं लागेल असें करणें. पहिल्या कामाला महिने लागतात, दुसऱ्याला वर्षें. आणि सामान्य प्रतीच्या मोटारीच्या बाबतींत दुसऱ्या कामाचा खर्च विक्रीच्या किंमतींतून भरून निघत नाहीं, ही गोष्ट हौशी मंडळी एकमेकांस सांगत नाहींत. अर्ध्यावर सोडलेलें काम तर सर्वांत वाईट. पोत्यांत भरलेली सुटी मोटार विकत घेणारा मनुष्य ती मोटार म्हणून नव्हे, तर वजनानें घेतो.

उभें राहण्यानें काय बिघडतें हें पाहूं. कोंकणचा पाऊस, खाडीवरून येणारी खारट हवा आणि चार महिने न वाळणारी भिंत यांच्या सहवासांत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाहीं. पिस्टनची कडी सिलिंडरच्या भिंतीला गंजानें चिकटते. टाकींतील पेट्रोल उडून जाऊन खालीं लाखेसारखा चिकट थर उरतो, आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. ब्रेकमधील द्रव हवेंतील पाणी शोषून घेतो व नळकांड्यांना आंतून कुरतडतो. तारांवरील रबर हात लावतांच भुगा होऊन पडतें; जें उरतें तें उंदरांनीं सोडलेलें असतें. टायरांची नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी त्यांतील रबर म्हातारें झालेलें असतें. आणि २००५ च्या जुलैंतील महापुराचें पाणी ज्या पडव्यांत शिरलें, तेथील मोटारींचे आंस व गिअरची पेटी उघडल्याशिवाय कोणतेंही मत देऊं नये.

म्हणूनच अशा मोटारीला बॅटरी जोडून, बटण दाबून, ‘बघूं तर खरें’ असें म्हणणें हा अक्षम्य अपराध होय. कोरड्या सिलिंडरांत गंजलेला पिस्टन जबरीनें फिरविला कीं जें इंजिन चार दिवसांच्या तेलानें सुटलें असतें तें कायमचें ओरखडतें. शिवाय या मोटारींत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असतें. आजच्या मोटारींत ऋण टोक असतें. संवयीनें उलट जोडणी करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. तीच गोष्ट आट्यांची. या इंजिनाच्या बोल्टांचे आटे दशमान मापाचे, पण त्यांच्या डोक्यांचें माप मात्र इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचें, असा चमत्कारिक संकर आहे. आटे जुळतात म्हणून बाजारांतला बोल्ट आणला तर पाना बसत नाहीं. पाना बसणारा आणला तर आटे मरतात. ज्याला हें आधींच ठाऊक आहे त्या मिस्त्रीच्याच हातीं मोटार द्यावी. ज्याला सांगावें लागतें त्याला नुसता चहा द्यावा.

इंजिनापेक्षांही मोठा प्रश्न लांकडाचा. ‘टी. सी.’ चा सांगाडा लोखंडी, परंतु त्यावरील शरीर ॲश नांवाच्या विलायती झाडाच्या लांकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेलें आहे. गंज दिसतो, वाळवी दिसत नाहीं. बाहेरून रंग शाबूत, आणि आंत चौकटीच्या जागीं माती. परीक्षा सोपी आहे. दार उघडून अलगद वर उचलावें; बिजागरीसकट खांब हालला तर चौकट गेली असें समजावें. मग आसनाखालील लांकडावर बोटानें टिचकी मारीत जावें, आणि जेथें आवाज बदबद येईल तेथें पेचकसाचें टोंक टोंचून पाहावें. चौकट गेली असेल तर ‘चालू करणें’ हा पर्याय उरत नाहीं. तें काम आपोआप ‘नवी करणें’ या सदरांत जातें. येथें पनवेलकरांस एक सोय आहे, निदान एके काळीं होती. हें गांव बैलगाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें. वांकडें लांकूड सरळ सांध्यांत बसविणारा सुतार हा मोटारीच्या मिस्त्रीहूनही दुर्मिळ झाला आहे, आणि ज्या घराला असा एक वृद्ध कारागीर अजून ठाऊक आहे त्यानें निर्णय फार लांबवूं नये.

यानंतर कागद. घरांतील लोक मोटारीकडे पाहत बसतात आणि नोंदणीचें पुस्तक ट्रंकेच्या तळाशीं कसर खात असतें. वस्तुतः पुस्तकावांचून मोटारीची निम्मी किंमत गेली असें समजण्यास हरकत नाहीं. मालक निवर्तल्यावर वारसानें तीन महिन्यांत ३१ क्रमांकाच्या फॉर्मवर नांव बदलून घ्यावें असा नियम आहे; अनेक घरांत तीस वर्षें होऊन जातात. पनवेलीस आतां एम्. एच्. ४६ या अक्षरांचें स्वतंत्र परिवहन कार्यालय आहे, परंतु मोटारीची मूळ नोंद मुंबईची असल्यास दप्तर तेथें धुंडाळावें लागतें. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेली, मूळ रूपांत राखलेली आणि व्यापारी उपयोगांत नसलेली मोटार त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, मुदत १० वर्षांची. पूर्वींचा क्रमांक असल्यास तो राखतां येतो. मात्र प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणें, दुरुस्ती अशा ठराविक कारणांसाठींच ती रस्त्यावर आणतां येते. रोज बाजारांत नेतां येत नाहीं. आणि सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. ज्यांनीं पूर्वीं सोय म्हणून दुसरें इंजिन बसविलें आणि मूळचें भंगारांत दिलें, त्यांना ती सोय आतां महाग पडते. मूळ इंजिन पडवीच्याच कोपऱ्यांत उलथें पडलें असेल तर तें मोटारीइतकेंच जपावें.

विकावयाची ठरल्यास कशी विकावी ? जशी आहे तशी. फ्रान्सच्या पश्चिम भागांत बायों नांवाच्या एका मालवाहतूकदारानें संग्रहालय काढण्याच्या इच्छेनें जुन्या मोटारी जमविल्या. धंदा बुडाला, संग्रहालय राहिलें, आणि सुमारें साठ मोटारी अनेक दशकें पडक्या छपरांखालीं कुजत राहिल्या. वारसांनीं त्या २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें लिलावांत काढल्या. त्यांतील एक फेरारी मासिकांच्या ढिगाऱ्याखालीं दबलेली सांपडली होती. धूळही न पुसतां ती १ कोटी ६२ लक्ष युरोंहून अधिक किंमतीला गेली. ही हकीकत ऐकून पनवेलच्या पडवींतही सोनें आहे असें कोणीं समजूं नये. त्या जातीच्या फेरारी साऱ्या जगांत जेमतेम तीन डझन, ‘टी. सी.’ दहा हजार. परंतु धुळीविषयींचा धडा दोहोंसही सारखाच लागू आहे. खरा जाणता गिऱ्हाईक मूळचा रंग, मूळचें कातडें, इंजिनावरील व सांगाड्यावरील आंकडे पाहतो. विकण्यापूर्वीं हौसेनें फांसलेला नवा रंग त्याला संशय उत्पन्न करतो, आणि तो संशय रंगाच्या खर्चासकट विक्रेत्याच्या किंमतींतून वळता होतो. दारावर येऊन ‘काकू, जागा मोकळी करून देतों’ म्हणणाऱ्यास मोटार दाखवूंही नये. मुंबईंत जुन्या मोटारींच्या हौशी लोकांची मंडळें आहेत, दरसाल त्यांच्या फेऱ्या निघतात. तेथें दोन निःस्वार्थी माणसांचें मत आधीं घ्यावें.

आणि ठेवावयाची ठरल्यास ? मग पैशापेक्षां माणसाचा प्रश्न मोठा. जुनी मोटार महिन्यांतून निदान एकदां दहापंधरा मैल न फिरविल्यास पुन्हा बसते. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळूं लागलें; तें पाणी ओढतें आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगवितें, तेव्हां नळ्या बदलाव्या लागतात आणि टाकी भरून ठेवून विसरतां येत नाहीं. नव्या इमारतींत छपराखालची जागा करारनाम्यांत लिहून घ्यावी लागते. हें सर्व करणारें एक नांव घरांत असेल तर मोटार ठेवावी. पुण्यास असणाऱ्या मुलानें ‘मी अधूनमधून येत जाईन’ म्हटलें तर त्याचें प्रेम खरें मानावें, पण मोटार विकावी. आई वडिलांची आठवण म्हणून ती ठेवावी असें म्हणणाऱ्यांनीं ताडपत्री एकदां वर करून त्या आठवणीचें काय झालें आहे तें पाहावें.

आपल्या कल्पित घरांत अखेर भावाबहिणींचें एका गोष्टीवर जमतें, कारण ती विक्रीलाही उपयोगीं आणि दुरुस्तीलाही. जाणता मिस्त्री येतो. तो चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडतो, भोंकें चिंधीनें झांकतो आणि आठ दिवसांनीं येतों म्हणून निघून जातो. नवव्या दिवशीं पुढच्या बाजूनें हँडल घालून तो हातानें, अंगाचा जोर न लावतां, दाबतो. पहिल्यांदा कांहीं होत नाहीं. मग पाव फेरा, आंतून ओल्या वाळूसारखा आवाज, आणि पुन्हा पाव फेरा. मुलगा बहिणीकडे पाहतो. बहीण दाराच्या बिजागरीकडे पाहत असते, कारण पेचकस अजून लांकडाला लावावयाचा आहे. आई ओसरीवरून उठून येते आणि म्हणते, “आधीं माझे डबे उतरवा.”