तोंडातून औषध जात नसेल तेव्हा…

तापाने फणफणलेले लहान मूल, पोटात काही ठरत नाही, सिरप दिले की लगेच उलटी. अशा वेळी डॉक्टर अनेकदा सपोझिटरी लिहून देतात. गुदमार्गे औषध द्यायचे म्हटले की घरातली मंडळी संकोचतात. पण हा मार्ग शास्त्रशुद्ध आहे.

सपोझिटरी म्हणजे औषध मिसळलेली छोटी, निमुळती वडी. ती बनवताना वितळवलेल्या स्निग्ध पदार्थात औषध सारखे मिसळून साच्यात ओततात. पूर्वापार वापरले जाणारे कोको बटर साधारण ३४ ते ३६ अंश सेल्सियसला वितळते. शरीराचे तापमान ३७ अंश, त्यामुळे वडी आत जाताच विरघळते. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त थेट मुख्य रक्ताभिसरणात जाते. त्यामुळे औषधाचा काही भाग यकृतात न जाता काम सुरू करतो.

याचे महत्त्व मलेरियात दिसते. दवाखाना दूर असेल आणि बाळ औषध गिळू शकत नसेल, तर वाटेला लावण्यापूर्वी सहा वर्षांखालील मुलांना आर्टेसुनेटची सपोझिटरी देता येते. घाना, टांझानिया व बांगलादेशातील अभ्यास २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा तासांनंतरही दवाखान्यात न पोहोचलेल्या रुग्णांत मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांचे प्रमाण या औषधाने निम्म्यावर आले. २०१८ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या अशा सपोझिटरीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. मात्र काँगो, नायजेरिया, युगांडातील पुढच्या अनुभवाने बजावले, की दवाखान्यातले पुढचे उपचार पूर्ण झाले नाहीत तर नुसत्या वडीने जीव वाचत नाही. ती उपचाराची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

घरी वापरताना काय पाहावे? उन्हाळ्यात वडी मऊ पडली असेल तर वेष्टनासह थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. हात धुऊन, वेष्टन काढून, वडीला थोडे पाणी लावावे. मुलाला डाव्या कुशीवर झोपवून ती आत सरकवावी आणि काही मिनिटे त्याला तसेच पडू द्यावे. सर्वांत मोठी चूक म्हणजे पॅरासिटामॉलचे सिरपही देणे आणि त्याचीच सपोझिटरीही. दोन्ही मिळून मात्रा जास्त होते आणि यकृताला इजा होऊ शकते. केव्हा काय दिले, ते लिहून ठेवावे. गुदद्वारातून रक्त जात असेल किंवा जुलाब होत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.