पिकअपवाल्या कंपनीची बाईक आणि पेकोचा भोपळा

संध्याकाळी मांडवीला गेलात तर भेळेच्या गाड्यांसमोर तिरक्या लावलेल्या केटीएम, आर-वन-फाइव्ह, पल्सर हमखास दिसतात. मालक मंडळी जेटीच्या कठड्यावर, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर बऱ्याचदा मोटोजीपीच्या क्लिप्स. तिथून थोडं पुढे मिरकरवाड्यात गेलात तर माशांचे क्रेट लादलेली, बर्फाचं पाणी गाळत जाणारी महिंद्राची पिकअप भेटेल. तिच्याकडे बाईकवाली पोरं ढुंकूनही बघत नाहीत. पण मोबाइलवर ज्याची क्लिप चालू असते, त्या पेको बान्यायाने आयुष्यातली पहिली ग्रां प्री रेस याच कंपनीच्या बाईकवर जिंकलीय. खोटं वाटतं ना? नेदरलँड्समधलं असेन सर्किट, २६ जून २०१६.

फ्रान्चेस्को बान्याया, घरचं आणि पॅडॉकमधलं नाव पेको. जन्म १४ जानेवारी १९९७, इटलीतल्या तुरीनचा. तिकडे पोरं गुडघ्याएवढ्या मिनीमोटोवर सुरुवात करतात. हाही तसाच. २०१३ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मोटो-थ्रीच्या जागतिक स्पर्धेत उतरला. मोटो-थ्री म्हणजे २५० सीसीच्या सिंगल सिलिंडर बाईक. ताकद सगळ्यांची जवळपास सारखी, त्यामुळे पंधरा-पंधरा जण एकमेकांच्या मागे हवेच्या आडोशाला चिकटून पळतात आणि शेवटच्या वळणावर काय होईल ते सांगता येत नाही. पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात, पंधराव्यालाही एक. पेकोला त्या अख्ख्या सीझनमध्ये मिळाले शून्य. भोपळा! आपल्याकडे दोन सामने धावा झाल्या नाहीत की पोराला क्लासला घालतात, म्हणून सांगतो.

२०१४ मध्ये व्हॅलेंटिनो रॉसीच्या अकादमीने त्याला उचललं. रॉसीच्या गावाजवळ, ताव्हुलियाला, मातीचा ट्रॅक आहे. डांबरावर जिंकायचं असेल तर आधी मातीवर बाईक घसरवायला शिका, अशी तिथली पद्धत. मागचं चाक सुटलं की घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही, हे अंगात मुरवावं लागतं.

इकडे महिंद्रा २०११ मध्ये १२५ सीसी गटात उतरली होती. सुरुवातीला लोक हसले. २०१३ मध्ये पोर्तुगालच्या मिगेल ऑलिव्हेराने सेपांगला तिसरा क्रमांक काढून कंपनीला पहिलं पोडियम दिलं. २०१५ मध्ये पेको आला आणि पुढच्या वर्षी असेन, मग सेपांग अशा दोन रेस जिंकला. २०१७ च्या सीझननंतर कंपनीने तिथला गाशा गुंडाळला. पाच-सहा वर्षांत मुंबईच्या कंपनीने जग जिंकणारी बाईक उभी केली. पैसा होता, इटलीतले इंजिनीअर होते. पण तिच्यावर बसून जिंकणारा पोरगा इटलीचा. मला ही गोष्ट तेव्हाही खुपली होती, आजही खुपते.

पेको पुढे मोटो-टूचा विजेता झाला (२०१८), मग डुकाटीवर मोटोजीपीत आला. २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकात ब्रनोला पाय मोडला. मोटोजीपीतला पहिला विजय थेट २०२१ मध्ये, अरागॉनला, तोही मार्क मार्केझला शेवटपर्यंत थोपवून. २०२२ मध्ये तर सीझन अर्धा सरला तेव्हा तो क्वार्टारारोच्या ९१ गुण मागे होता. एका विजयाचे गुण २५, म्हणजे हिशेब करा. तिथून त्याने सलग चार रेस मारल्या आणि वर्षअखेर विजेता झाला. त्याच वर्षी जुलैत, सुट्टीवर असताना, इबिझात दारू पिऊन चालवलेली कार त्याने खड्ड्यात घातली. कुणाला लागलं नाही, जाहीर माफी मागितली. ट्रॅकवर एअरबॅगवाला सूट असतो, बाहेर खडीचा पट्टा असतो, डॉक्टर उभे असतात. रस्त्यावर यातलं काहीच नसतं, मग तुम्ही पेको असा नाहीतर भाट्याच्या पुलावर टाइम लावणारा कुणी.

आणि एवढं सगळं असूनही ट्रॅकवर काय होतं? सप्टेंबर २०२३, बार्सिलोना. पहिल्याच लॅपमध्ये पेको हवेत उडून ट्रॅकच्या मधोमध पडला, मागून येणारी ब्रॅड बाइंडरची बाईक त्याच्या पायांवरून गेली. हाड मोडलं नाही. पुढच्याच आठवड्यात मिसानोला तिसरा! त्याच महिन्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, भारतातल्या पहिल्या मोटोजीपीत, दुसऱ्या क्रमांकावर असताना घसरला. तरी २०२३ चं विजेतेपद त्याचंच. २०२४ मध्ये ११ रेस जिंकूनही १० गुणांनी हरला.

आता आपल्याकडचं. गिअरवाल्या बाईकचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं आणि आपल्या पोरांची 'करिअर'ची सुरुवात तिथून होते. तोवर पेकोच्या मागे जागतिक स्पर्धेचा दोन वर्षांचा अनुभव होता. ट्रॅकवर मात्र आरटीओचं नव्हे, एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं स्पर्धेचं लायसन्स लागतं, आणि ते शाळकरी वयातही निघतं. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये अशीच पोरं एनएसएफ २५० आर ही खरीखुरी रेसिंग बाईक चालवायची. पुण्याचा सार्थक चव्हाण त्याच रांगेतून आला आणि टीव्हीएसच्या आशियाई स्पर्धेत परदेशी रायडर्सना भिडला. तिथे सगळ्यांना सारखीच अपाचे मिळते, त्यामुळे बाईकच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही.

अडचण अंतराची आहे. रेसचे पक्के ट्रॅक म्हणजे कोइमतूर, चेन्नई, नोएडा. त्यातल्या त्यात जवळ कोल्हापूर, तिथे कार्टिंगचा ट्रॅक आहे. म्हणजे रत्नागिरीच्या पोराला हेल्मेट, लेदर सूट, टायर यांच्या खर्चात रेल्वेचं तिकीटही धरावं लागणार, आणि बरोबर यायला घरचं एक माणूस. त्या माणसाला तयार करणं हाच बहुतेक पहिला लॅप.