प्लॅन दाखवण्याआधी काय विचारावे?

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, रात्री नाटक असते आणि सकाळी ओसरीवर चहाच्या फेऱ्या चालतात. पूर्वी या ओसरीवर दोन विषय हमखास निघत. धान किती झाला आणि कोणाच्या मुलीसाठी स्थळ पाहायचे आहे. अलीकडे तिसरा विषय आला आहे. पाहुण्यांपैकी एखादे भाऊजी मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ‘‘दहा मिनिटं द्या जी, एक प्लॅन दाखवतो.’’

त्या दहा मिनिटांच्या आधी समोरच्याला काय विचारले जाते, एवढाच या लेखाचा विषय आहे. व्यवस्थापनाची पदवी माझ्याकडे नाही. मिळतील ती पुस्तके, सरकारी राजपत्रे आणि अशा बैठकांत मागच्या खुर्चीवर बसून केलेल्या नोंदी, ही माझी साधने. त्या नोंदींवरून मला एक साधी कसोटी सापडली. उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याचे पुढचे पाऊल बदलू शकत असेल, तर तो खरा प्रश्न. उत्तर काहीही आले तरी तोच प्लॅन दाखवला जाणार असेल, तर तो प्रश्न म्हणजे नुसती प्रस्तावना.

आधी धंद्याचे स्वरूप पाहू. दुकान आणि जाहिरात यांना वगळून माल ओळखीतून विकायचा, नवे विक्रेते जोडायचे आणि त्यांच्या विक्रीवरही हिस्सा मिळवायचा, ही नेटवर्क मार्केटिंगची पद्धत. अमेरिकेत न्यूट्रिलाइट या पूरक आहाराच्या विक्रीसाठी १९४५ मध्ये ती रुजली. त्याच कंपनीचा माल विकणाऱ्या जे व्हॅन अँडेल आणि रिच डिव्हॉस या दोघांनी १९५९ मध्ये अ‍ॅमवे काढली. अ‍ॅमवेने भारतात १९९८ मध्ये व्यवसाय सुरू केला. पुढे देशी कंपन्याही आल्या आणि ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

शहरात विक्रेता अनोळखी माणसाकडेही जातो. आपल्याकडे नावांची यादी काढायला बसले की पहिल्या पानावर साळा, मावसभाऊ, बचत गटातल्या बाया आणि शाळेतले सोबती येतात. सौदा बिघडला तर दुकान बदलता येते, सोयरे बदलता येत नाहीत. म्हणून इथे चुकीच्या माणसाला चुकीची वस्तू विकण्याची किंमत जास्त आहे. आणि म्हणूनच आधी विचारणे ही आपल्याकडे विक्रीची युक्ती नसून नाते सांभाळण्याची गरज आहे.

बैठकांत मी ऐकलेले बहुतेक प्रश्न दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार ‘हो’ म्हणवून घेण्याचा. ‘‘जादा पैसे मिळाले तर चालतील ना?’’ ‘‘पोरांना चांगलं शिकवायचं आहे ना?’’ याला ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस जगात नाही. त्यामुळे यातून काहीच कळत नाही. तीन वेळा ‘हो’ म्हटलेल्या माणसाला चौथ्यांदा ‘नाही’ म्हणताना संकोच वाटतो, एवढाच त्याचा उपयोग. दुसरा प्रकार चौकशीचा. शेती किती, पगार किती, मुले किती. हे प्रश्न खोटे नसतात. पण एकामागून एक आले की ऐकणाऱ्याला आपण पटवाऱ्यासमोर बसल्यासारखे वाटते.

याच विषयावर नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाने मोठे काम केले. बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्री-भेटी पाहून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेले निष्कर्ष १९८८ मध्ये ‘स्पिन सेलिंग’ या पुस्तकात आले. त्याचा अभ्यास मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या विक्रीवर होता, नेटवर्क मार्केटिंगवर नव्हता. तरी त्याची प्रश्नांची विभागणी आपल्याला उपयोगी पडते. प्रश्न चार प्रकारचे : परिस्थितीचे, अडचणीचे, अडचणीच्या परिणामांचे आणि उपायाच्या उपयोगाचे. यशस्वी विक्रेते परिस्थितीचे प्रश्न मोजकेच विचारतात आणि अडचण नीट समजून घेण्यात अधिक वेळ घालवतात, असे त्याला आढळले. त्याचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘आत्ताच ठरवा’ असा रेटा लहान खरेदीत कधी चालून जातो, मोठ्या खरेदीत तो उलटतो.

आता आपल्या ओसरीवर यातली लहान खरेदी कोणती? साबणाची वडी किंवा भांडी घासायचे द्रावण. आवडले नाही तर पुढच्या वेळी घेतले नाही, संपले. पण ‘आयडी लावणे’, म्हणजे विक्रेता होणे, ही मोठी खरेदी आहे. त्यात दर महिन्याचा पैसा, वेळ आणि आपली ओळख गुंतते. पुष्कळ विक्रेते मात्र दोन्ही गोष्टी एकाच दहा मिनिटांत आणि एकाच रेट्याने उरकतात. पहिला चांगला प्रश्न म्हणूनच स्वतःला विचारायचा : मी या माणसाकडे ग्राहक म्हणून आलो आहे की जोडीदार म्हणून? दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, लाखांदूर तालुक्यात चार एकर धानाचे घर आहे. पैसा हातात येतो तो धान विकून चुकारे मिळाल्यावर, उन्हाळी धान असेल तर आणखी एकदा, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीचा थोडा. मधल्या महिन्यांत उधारी असते. आता दर महिन्याला ठरावीक रकमेचा माल उचलावा लागेल असा प्लॅन असेल, तर ‘जादा पैसे चालतील ना?’ विचारून काय कळणार? विचारायचे ते असे : ‘‘घरात पैसा कोणकोणत्या महिन्यात येतो?’’ ‘‘श्रावणात माल घ्यायची वेळ आली तर तो कशातून घ्याल?’’ उत्तर ‘उधारीतून’ असे आले, तर विक्रेत्याने मोबाइल खिशात ठेवावा आणि चहा प्यावा. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत महिन्याचा पगार घेणाऱ्या माणसाचे उत्तर वेगळे येईल. प्लॅन तोच, माणूस वेगळा. हा फरक विचारल्यानेच कळतो.

परिणामांचे प्रश्न सर्वांत जपून वापरायचे. ते अडचण समजावून घेण्यासाठी असतात, पण भीती घालायलाही तेवढेच सोयीचे असतात. ‘‘गुडघे दुखतात, तर कोणती कामं अडतात?’’ हा चांगला प्रश्न. ‘‘आत्ता लक्ष दिलं नाही तर पुढं अंथरुणाला खिळाल, मग कोण पाहील?’’ हा धाक. पूरक आहार विकताना ही रेषा विशेष पाळावी लागते. मधुमेहासारखे ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. शिवाय ‘‘डॉक्टरांची गोळी चालू आहे का?’’ हा प्रश्न विचारायचा आणि ‘हो’ म्हटल्यावर ‘‘मग आधी त्यांना विचारा’’ म्हणून थांबायचे. इथेही तीच कसोटी : उत्तराने पाऊल बदलले पाहिजे.

कायदाही प्रश्नांच्या आधीच्या पायरीबद्दल बोलतो. २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम जारी केले. त्यानुसार बोलणी सुरू करतानाच, समोरच्याने विचारण्याची वाट न पाहता, विक्रेत्याने स्वतःची ओळख, कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि येण्याचा हेतू स्पष्ट सांगायचा असतो. ओळखपत्र नसताना आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतलेली नसताना घरी जायचे नसते. म्हणजे ‘‘सहज भेटायला आलो’’ म्हणून अर्धा तास विचारपूस करायची आणि शेवटी प्लॅन काढायचा, ही पद्धत या नियमांत बसत नाही. आधी हेतू, मग परवानगी, मग प्रश्न आणि प्लॅन सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवला तर समोरचा मोकळेपणाने बोलतो, कारण आपण कशासाठी बोलतो आहोत हे त्याला ठाऊक असते.

जोडीदार शोधणाऱ्याने एक प्रश्न कधीही वगळू नये : ‘‘तुमच्या ओळखीत सभासद न होता नुसता माल घेतील अशी किती माणसं आहेत?’’ त्यामागे साधे गणित आहे. प्रत्येकाने सहा जण जोडायचे म्हटले तर पहिल्या फळीत ६, दुसऱ्या फळीत ३६, तिसऱ्या फळीत २१६. सातव्या फळीत २,७९,९३६ आणि आठव्या फळीत १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. तान्ही बाळे धरूनही आठवी फळी इथे भरत नाही. तेव्हा धंदा टिकायचा तर तो वापरणाऱ्या गिऱ्हाइकावरच टिकेल. नुसती माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८ पासून कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवली आहे. या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर आले तर त्या माणसाला जोडणे म्हणजे त्याला तोट्यात ढकलणे आहे.

अडचण अशी की विक्रेत्याची कमाई जोडण्यावर अवलंबून असते आणि चांगला प्रश्न कधी कधी जोडणी तोडतो. त्याच्या वरचा लीडर आकडे मागतो. हा ताण खरा आहे. म्हणून शिस्त आधीच लावून घ्यावी. घरी जाण्यापूर्वी वहीत लिहावे की कोणते उत्तर आले तर मी प्लॅन दाखवणार नाही. उत्तर ऐकताना मधे बोलू नये. जे ऐकले ते त्याच्याच शब्दांत परत सांगून ‘‘बरोबर ना जी?’’ असे विचारावे. घरातल्या बाईमाणसाला बोलवावे, कारण पैसा दोघांचा असतो. त्याच बैठकीत होकार मागू नये. आणि शेवटी समोरच्याला म्हणावे, ‘‘आता तुम्ही मला विचारा.’’

त्याने काय विचारावे, हेही सांगतो. यंदाच्या मंडईत कोणी तुमच्यापुढे मोबाइल धरला तर हे तीन प्रश्न विचारा. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या खिशातून किती गेले आणि खिशात किती आले? सही केल्यावर किती दिवसांत विनादंड बाहेर पडता येते, ते कागदावर दाखवता का? न विकलेला माल कंपनी कोणत्या अटींवर परत घेते? नीट विचारणारा विक्रेता या प्रश्नांनी रागावणार नाही. तो वही उघडेल आणि आकडे दाखवेल.