घटमाला-निरीक्षण मंडल : संदेशवहनातील दोष

प्रत्येक विद्युत् घटाचा दाब मोजून नियंत्रकास कळविणाऱ्या मंडलफलकांतील दोष. रेल्वेच्या संकेत यंत्रणेत ११० व्होल्टसाठी २ व्होल्टचे ५५ घट एकसरीत जोडतात. एकसरीतील फलकांच्या आधारपातळ्या निरनिराळ्या असल्याने त्यांचे संदेश रोहित्र वा धारित्राद्वारे अलग करून पाठवितात. कसारा–इगतपुरीसारख्या (१८६५) १ : ३७ चढाच्या घाटात संकेत बंद पडून थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे कठीण, शिवाय तेथील पावसाळी दमटपणाने जोडण्या गंजतात. फलक गप्प झाला म्हणजे घट निकामी झाला, असे नव्हे. प्रथम तारा तपासाव्यात. ‘कॅन’ पद्धतीत तारजोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असतात. वीज बंद करून तारांमध्ये सु. ६० ओहम मिळाल्यास जोडणी ठीक. १२० मिळाल्यास एक रोधक सुटलेला असतो. पडद्यावर जुनाच आकडा टिकून राहणे अधिक घातक, म्हणून ठराविक वेळेत नवा संदेश न आल्यास धोक्याची सूचना वाजावी अशी योजना करतात.