तरुण पिढी खरोखरच कामचोर आहे काय?

रविवारची वंदना आटोपली होती. विहाराच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे चार मंडळी बसली होती. विषय निघाला तो वस्तीतील एका मुलाच्या नोकरीचा. मुलगा बी.कॉम. झालेला, वय तेवीस. एका वर्षात त्याने तीन नोकऱ्या सोडल्या. आधी मॉलमधील दुकान, मग कुरिअरचे गोदाम, मग एका ऑफिसात कॉम्प्युटरवरचे काम. आता तो मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवितो. त्याचे आजोबा जुने गिरणी कामगार. ते संतापून म्हणाले, "आम्ही रात्रपाळ्या करून संसार उभे केले. ही पोरे कामचोर आहेत!"

मुलगा तेथेच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुमची पाळी संपली की भोंगा वाजायचा. माझा भोंगा कधी वाजतो ते सांगा."

ओट्यावर कोणीच बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. परंतु घरी आल्यावर आम्हाला चैन पडेना. दोघांपैकी खरे कोणाचे?

आजोबांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. ते १९७० च्या सुमारास बदली कामगार म्हणून लागले. पहाटे गेटवर उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर रिकाम्या डब्यासारखे परत. कायम व्हायला कित्येक वर्षे गेली. पण कायम झाल्यावर प्रॉव्हिडंट फंड होता, बोनस होता, युनियन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातील हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबाही त्यातलेच. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, पण मुलांची शाळा बंद होऊ दिली नाही. अशा माणसाला तीन नोकऱ्या सोडणारा नातू कसा पटेल?

आता नातवाची बाजू पाहू. आम्ही कारकून आहोत. कागद वाचण्याची आम्हाला सवय आहे. त्याचे नेमणूकपत्र आम्ही मागून पाहिले. करार अकरा महिन्यांचा. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षांची नोकरी मागितली होती. अकरा महिन्यांनी करार मोडून नवा करणाऱ्यांना हे गणित चांगले ठाऊक होते. आजच्या पार्सलाच्या कामात तर नेमणूकपत्रच नाही. मोबाईलवर आलेली ऑर्डर नाकारली की पुढची ऑर्डर उशिरा येते. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघात झाला तर हाडही त्याचेच. बारा तास रस्त्यावर असणाऱ्याला कामचोर म्हणणे न्यायाचे आहे काय?

आणि बंधू-भगिनींनो, काम सोडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट आहे काय? आपल्या पणजोबांनी गावकीची हलकी कामे सोडली, मेलेली जनावरे ओढायचे नाकारले, तेव्हा गावाने त्यांनाही माजलेले, आळशी म्हटले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच वेठबिगारीविरुद्ध. अपमानाचे काम सोडणे हा आळस नाही, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

परंतु बाबासाहेबांनी नुसते 'सोडा' असे सांगितले नाही. त्या काळी गिरण्यांच्या विणाई खात्यात आपल्या लोकांना घेत नसत. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! विणाईत पगार जास्त, आणि आपले लोक मात्र कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. आजोबांचा भोंगा वेळेवर वाजत होता तो मालकाच्या दयेने नव्हे. तो लढून मिळविलेला होता.

येथेच आम्हाला दोन पिढ्यांतला खरा फरक दिसतो. आजोबांना काम आवडले नाही तर ते दहा जणांना घेऊन युनियनकडे जात. नातू एकटाच मोबाईल बंद करून निघून जातो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि कामाचे तास तेच राहतात.

एक कटू अनुभवही सांगितला पाहिजे. आम्ही एका मुलासाठी एका ठिकाणी शब्द टाकला होता. चौथ्या दिवसापासून तो गेलाच नाही. फोन नाही, निरोप नाही. त्यानंतर वस्तीतील दुसऱ्या मुलासाठी गेलो, तेव्हा तेथील साहेबांनी आमच्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. एकाच्या वागण्याने दुसऱ्याची भाकरी गेली. आणि आमच्या पिढीने तरी फार शेखी मिरवू नये. कायम नोकरी मिळाल्यावर मस्टरवर सही करून तासभर चहाला जाणारे आमच्यातही आहेत.

म्हणून तरुण मित्रांनो, नोकरी जरूर बदला, पण रीतसर. लेखी कळवा, अनुभवाचा दाखला घ्या. प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन नंबर प्रत्येक नोकरीत तोच द्या, म्हणजे पैसे विखुरणार नाहीत. रोजचे तास वहीत मांडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, आणि तुमच्यासारख्या गिग कामगारांचे नाव प्रथमच कायद्यात आले आहे. पण मागणारा एकटा असेल तर कायद्याचा कागद कपाटातच राहतो.

आणि वडीलधाऱ्यांनो, 'कामचोर' हा शब्द मागे घ्या. त्याऐवजी संप कसा केला, युनियन कशी बांधली, हे मुलांना सांगा.

आम्ही ठरविले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसायचे. मुलांनी आपापली नेमणूकपत्रे आणि पगाराच्या पावत्या आणायच्या, आम्ही त्या वाचून समजावून देऊ. आजोबांनाही बोलाविले आहे. ते अजून रागावलेले आहेत, पण येतो म्हणाले. नातवाने ती दोन तासांची ऑर्डर सोडायचे कबूल केले आहे. आपल्या वस्तीतही हे करून पाहा.

जयभीम!