लाल दिवा विझला, तरी टीव्ही फेकू नका

पाड्यावरच्या वसतिगृहातील टीव्ही बंद पडला की तो सहसा कोपऱ्यात जातो. तालुक्याला न्यायचे तर गाडीभाडे, आणि तिथे "पूर्ण बोर्डच बदलावा लागेल" हे उत्तर. तोवर फ्री डिशवर मोफत दिसणारे इयत्तावार धडे मुलांना दुरावतात. पुष्कळदा बिघाड असतो तो पॉवर बोर्डावरच्या काही रुपयांच्या भागात. आपल्या भागातील आयटीआय झालेल्या किंवा वायरमनचे काम करणाऱ्या तरुणांसाठी ही माहिती. ज्यांना मल्टिमीटर वापरता येत नाही, त्यांनी संच उघडू नये.

बोर्डाचे काम

भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा फ्यूजमधून ब्रिज रेक्टिफायरकडे जातो आणि डीसी होतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, काही संचांत ३८० ते ४०० व्होल्ट. पुढे मॉस्फेट हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि छोटा ट्रान्सफॉर्मर त्यातून ५, १२, २४ असे कमी व्होल्ट तयार करतो. बॅकलाइटचा दाब मात्र याहून बराच जास्त असू शकतो.

आधी जीव, मग टीव्ही

प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. म्हणून प्लग काढून दहा मिनिटे थांबा. मग होल्डरला इन्सुलेटेड वायर जोडलेला ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब त्या कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा. मीटरवर व्होल्ट शून्याजवळ आल्याची खात्री झाल्यावरच बोर्डाला हात लावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मुलांना जवळ थांबू देऊ नका.

बिघाड कसा ओळखावा

लाल दिवा लागतच नसेल, तर आधी प्लग आणि वायर तपासा, मग फ्यूज. फ्यूज उडाला असेल तर त्याच्या जागी तार बांधू नका. तो बहुधा कशामुळे तरी उडालेला असतो. व्हॅरिस्टर, ब्रिज किंवा मॉस्फेट शॉर्ट आहे का पाहा.

लाल दिवा लुकलुकतो, पण संच सुरू होत नाही, अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूचे कपॅसिटर नीट पाहा. ज्याचे डोके फुगले आहे किंवा ज्यातून द्रव गळला आहे, तो बदला. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंशांचा असावा. काढण्यापूर्वी वजा बाजूची खूण लिहून ठेवा. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

आवाज येतो, पण चित्र नाही, तर अंधारात पडद्यावर टॉर्च धरा. पुसट चित्र दिसले तर दोष बॅकलाइटचा किंवा त्याच्या पुरवठ्याचा आहे.

दुरुस्तीनंतर संच थेट भिंतीला लावू नका. १०० वॅटचा तारेचा बल्ब असलेल्या सिरीज बोर्डवर लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर शॉर्ट अजून आहे, संच लगेच बंद करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढावीत. रिमोटने बंद केलेला टीव्ही वीजप्रवाहाला जोडलेलाच असतो. गावातल्या लाइनचा न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवे अचानक प्रखर झाले, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

वसतिगृहात दोन-तीन बंद संच पडून असतील, तर ते भंगारात देण्यापूर्वी अशा एखाद्या तरुणाच्या हाती द्या. एखादा संच नक्की सुरू होईल असे सांगता येत नाही. पण तो तरुण जे शिकेल, ते पाड्यातच राहील.